अंगणातली आगगाडी आणि बाबांचा रूळ

आमच्या अंगणात आगगाडी धावते. हसू नका, वाचकहो! इंजिन वीतभर, मागे तीन डबे आणि रूळ म्हणाल तर सगळा मिळून अठ्ठावीस फुटांचा एक लांबट वळसा. कडुनिंबाच्या बुंध्याला फेरी घालून गाडी पुन्हा ओट्यापाशी येते. शाळा सुटली की गल्लीतली पोरे दप्तर टाकून तिच्याभोवती उकिडवी बसतात. हा उद्योग आम्ही कसा केला, कुठे फसलो आणि कोणी सावरले, ते सांगण्यासाठी हा लेख. सुटीत मुलांच्या हाताला काम हवे असेल, त्यांना उपयोगी पडेल. पण आमचा हेतू तेवढाच नाही. तो ओघात कळेल.

ही हौस कुठली?

परदेशात हा छंद जुना आहे. जर्मनीतल्या लेहमान कंपनीने १९६८ साली घराबाहेर, उघड्यावर चालेल अशी छोटी आगगाडी बाजारात आणली. तिच्या दोन रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर. खरी मीटरगेज गाडी सुमारे साडेबावीस पटींनी लहान केली की हे माप येते. मनमाड-औरंगाबाद-काचीगुडा मार्गावरची जुनी मीटरगेज ज्यांना आठवते, त्यांनी समजावे की तीच ही जात. इंग्लंडातले हौशी लोक ३२ मिलिमीटरचा रूळही वापरतात. तो दोन फुटी गाडीचा नमुना, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीचा भाऊबंद.

तिकडे पितळी रूळ असतात आणि त्यांतून कमी दाबाची वीज सोडून इंजिन चालवतात. तसले एक इंजिन घ्यायचे तर आपल्या घरचा कित्येक महिन्यांचा किराणा त्यात जाईल. पण आपल्या बाजारातली बॅटरीवरची मोठी खेळण्यातली आगगाडी पुष्कळदा याच मापाच्या जवळपास असते. तिची बॅटरी इंजिनाच्या पोटात असल्याने रुळातून वीज नेण्याची भानगड नाही. हे काही केवळ गरिबाचे भागवणे नव्हे. रुळावरची धूळ आणि मळ पुसून कंटाळलेले परदेशातले हौशी लोकही आता इंजिनातच बॅटरी बसवतात.

आमच्या मुलाला सहामाहीत चांगले गुण मिळाले म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात अशी एक गाडी घेतली. सोबतचा प्लॅस्टिकचा रूळ घरातल्या फरशीसाठी होता, मुलाने तो अंगणात मांडला. महिनाभरात जोडांचे खटके तुटले, दोन तुकड्यांवर कोणाचा तरी पाय पडला. गाडी धडधाकट आणि रूळ मोडका, अशी अवस्था झाली. तेव्हा आम्ही ठरवले, रूळ आपणच करू.

पहिला रूळ कसा फसला

साहित्य साधे होते. भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या, अर्धा इंच रुंद आणि तीन मिलिमीटर जाड. स्लीपरसाठी सुताराकडचे सागवानी तुकडे. प्रत्येक स्लीपर साडेतीन इंच लांब आणि पाऊण इंच रुंद. त्यावर दोन खाचा पाडायच्या आणि पट्टी उभी धरून खाचेत बसवायची. सुताराच्या चक्री करवतीची फाक पट्टीच्या जाडीइतकीच निघाली, त्यामुळे खाच नेमकी बसली. मोजायचे ते दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या बाजूंमधले अंतर. मोडक्या प्लॅस्टिकच्या रुळावर ते मोजले तर ४५ मिलिमीटरच भरले. (तुमच्या गाडीचे माप वेगळे असू शकते. आधी मोजा, मग करवत लावा.)

पहिली चूक इथेच झाली. घाईत आम्ही लांब फळीला लांबीच्या दिशेने दोन खाचा मारून घेतल्या आणि मग तिचे आडवे काप केले. काम झटपट झाले, पण लाकडाची रेषा स्लीपरला आडवी आली. बोटाने दाबले तरी स्लीपर खाचेपाशी कटकन मोडे. रेषा स्लीपरच्या लांबीत यायला हवी. त्यासाठी फळीचे साडेतीन इंचांचे तुकडे आधी पाडायचे, त्यांवर रेषेला आडव्या खाचा मारायच्या आणि शेवटी उभ्या चिपा काढायच्या. सव्वाशे स्लीपर आम्ही दुसऱ्यांदा केले.

मग पट्ट्या खाचांत सरसाने चिकटवल्या, टोकाला टोक घट्ट भिडवले आणि सगळा रूळ अंगणातल्या मातीवर मांडला. २६ जानेवारी २०२३ ला झेंडावंदन करून आल्यावर गाडी सुरू केली. शेजारपाजारच्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

भुसावळचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. एप्रिलच्या एका दुपारी बाहेर येऊन पाहतो तो रूळ सापासारखा वाकडा! एका बाजूने तर स्लीपरसकट जमिनीवरून उचलला गेला होता.

आमचे वडील कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी एकच शब्द उच्चारला.

"बक्कल."

मग जरा थांबून विचारले, "जोडाला फट किती ठेवली होती?"

आम्ही गप्प. फट ठेवायची असते हेच ध्यानात नव्हते. म्हणालो, "बाबा, तुम्ही जानेवारीत तिथंच बसला होता. तेव्हाच का नाही बोललात?"

"विचारलं कोणी?" बाबा म्हणाले.

वाचकहो, आमचे वडील १९७० साली रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. छत्तीस वर्षे त्या माणसाने रूळ सांभाळला. आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत तीन महिने रूळ घालत होतो, पण एकदाही त्यांना विचारले नव्हते.

लोखंड वाढते, ॲल्युमिनियम दुप्पट वाढते

धातू तापला की प्रसरण पावतो, हे आम्ही शाळेत पाठ केले होते, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. बाबांनी ते पाठ केले नव्हते, रुळावर उभे राहून पाहिले होते. उन्हात रूळ वाढतो आणि जागा मिळाली नाही तर बाजूला फाकतो, त्याला गँगची माणसे बक्कल म्हणतात. थंडीत तो आखडतो आणि कुठे बारीक तडा असेल तर तिथे तुटतो. म्हणूनच उन्हाळ्यात भर दुपारी आणि हिवाळ्यात पहाटे रुळावर गस्त असते.

हिशेब सोपा आहे. लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट वाढते. थंडीतली पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यांत रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर सहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे दोन मिलिमीटर वाढते. अठ्ठावीस फुटांचा एकसंध वळसा जवळजवळ एक सेंटिमीटर वाढणार. ती लांबी जाईल कुठे?

बाबांनी सांगितलेला इलाज असा. पट्ट्यांचे सहा फुटांपेक्षा मोठे तुकडे ठेवायचे नाहीत. जोडायला बाहेरच्या बाजूने छोटी फिशप्लेट, म्हणजे त्याच पट्टीचा दीड इंचाचा तुकडा, आणि दोन बारीक नटबोल्ट. फिशप्लेटची भोके गोल कानशीने थोडी लांबट करायची, म्हणजे रूळ सरकू शकेल. बोल्ट घट्ट आवळायचे नाहीत. जोड स्लीपरवर न घेता दोन स्लीपरच्या मधोमध घ्यायचा. तिथे बोल्ट खाली बसतात, चाकाच्या कडेला अडत नाहीत. सरस अजिबात नको. प्रत्येक तुकडा फक्त मधल्या एका स्लीपरला तारेने बांधायचा, बाकी खाचांत मोकळा.

आणि फट? आम्ही दुसऱ्यांदा रूळ घातला तो मे महिन्यात, दुपारी एक वाजता. त्या वेळी रूळ जेवढा वाढायचा तेवढा वाढलेला असतो. म्हणून जोडात फक्त जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवली. थंडीत तीच फट दोन मिलिमीटर होते, आणि चाक तेवढी सहज ओलांडते. सकाळच्या गारव्यात घालणार असाल तर फट त्या मानाने आधीच जास्त ठेवा.

आधी पाणी, मग रूळ

आम्हाला वाटले, आता रूळ मांडायचा. बाबा म्हणाले, "आधी पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते बघ."

आमच्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर मांडलेला रूळ कधीच जागेवर राहणार नाही. खऱ्या रेल्वेलाही हीच डोकेदुखी असते. पाण्यापुढे कोणाचे चालत नाही. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची २१ किलोमीटरची लाइन २६ जुलै २००५ च्या पावसात ठिकठिकाणी वाहून गेली आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले.

म्हणून सहा इंच रुंद आणि पाच इंच खोल असा चर खणला. कडुनिंबाची मोठी मुळे लागली तिथे मूळ न तोडता रूळच थोडा बाजूला घेतला. चरात खाली विटांचे रोडे भरून धुमसले, वर क्रशरची बारीक खडी. ज्वारीपेक्षा मोठी, हरभऱ्यापेक्षा लहान. आम्ही नदीतली गोल वाळू-खडी आणली होती, ती बाबांनी परत पाठवली. गोल खडा घरंगळतो. फोडलेला, कडा असलेला खडा दुसऱ्या खड्यात अडकून बसतो आणि स्लीपरला धरून ठेवतो. ओट्यावरून पन्हळीचे पाणी जिथे पडते तिथे रुळाखालून पाइपाचा तुकडा टाकला. तो आमचा पूल! मुलाने त्यावर रंगाने नंबरही घातला.

चढ शक्यतो नकोच. बोरघाटात मोठी गाडी ३७ ला १ असा चढ चढते, पण तिला मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानची गाडी २० ला १ चढते, पण ती छोटी आणि सावकाश. खेळण्यातल्या इंजिनाची प्लॅस्टिकची चाके ॲल्युमिनियमवर घसरतात. पन्नास फुटांत एक फूट, याहून जास्त चढ देऊ नका. आमचा रूळ पाणसळ लावून सपाटच ठेवला आहे. लांबच्या दोन टोकांची पातळी बघायला गवंड्याची पाण्याची नळी वापरली.

वळण जितके मोठे तितके चांगले. पट्टी रुंदीत उभी असल्याने हाताने सहज वाकते. आम्ही मध्यबिंदूला खिळा ठोकला, तीन फूट दोरी बांधली आणि चुन्याने अर्धवर्तुळ आखले. दोन्ही टोकांना अशी वळणे आणि मध्ये पाच-पाच फुटांचे सरळ रूळ.

गेज, लेव्हल आणि डोळा

रूळ मांडून झाल्यावर बाबांनी पत्र्याचा एक तुकडा बरोबर ४५ मिलिमीटर कापून घेतला. हे आमचे गेज. प्रत्येक स्लीपरपाशी ते दोन पट्ट्यांत घालून बघायचे. अडकले तर रूळ आवळला, हलले तर फाकला. वळणावर एक मिलिमीटर ढिले चालते, आवळलेले मुळीच चालत नाही.

मग लेव्हल. दोन्ही पट्ट्यांवर आडवी पाणसळ ठेवत पुढे सरकायचे. खऱ्या रेल्वेत वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, म्हणून आम्हीही विचारले. बाबा हसले. "ती गाडी वाऱ्यासारखी जाते. ही मुंगीच्या चालीनं जाते. हिला कशाला उंची?" खरा धोका पिळाचा असतो. रूळ इथे डावीकडे कललेला आणि हातभर पुढे उजवीकडे, असे झाले की डब्याची तीन चाके टेकतात, चौथे अधांतरी राहते. तेच चाक रुळावर चढते आणि डबा पडतो.

यानंतर जे पाहिले ते आम्ही विसरणार नाही. सत्याहत्तर वर्षांचे बाबा जमिनीवर आडवे झाले, गाल मातीला लावला, एक डोळा मिटला आणि रुळाच्या रेषेत पाहू लागले. आतून सूनबाई ओरडली, "मामंजी, कंबर!" पण त्यांचे लक्ष नव्हते. "तिसऱ्या जोडाच्या पुढं. सूतभर डावीकडं घे. बस्स. आता तिथं खडी मार." आम्ही मोजपट्टी लावून बघितले. फरक खरोखरच सूतभर होता.

मग काठीच्या टोकाने त्यांनी एकेक स्लीपर ठोकत नेला. भरीव आवाज आला की पुढे. पोकळ आवाज आला की, "खाली जागा आहे, भर." मुलाने बाभळीच्या चपट्या काडीने दोन्ही बाजूंनी बारीक खडी ठासून भरली. गँगची माणसे बीटरने करतात तेच हे पॅकिंग.

गाडी पडते कुठे?

गाडी पडू लागली की मुले आधी गाडीवर चिडतात. बाबांनी त्यांना पहिला नियम सांगितला. गाडी दर वेळी एकाच जागी पडते का बघा. तसे असेल तर दोष रुळाचा. एकच डबा सगळीकडे पडत असेल तर दोष त्या डब्याचा. निम्मा तपास इथेच होतो.

रुळाचा दोष असेल तर क्रमाने बघा. जोडाची दोन टोके वर-खाली किंवा पुढे-मागे आहेत का? बोट फिरवा, खरखर लागली तर कानशीने घासा. जोड दबला असेल तर खाली खडी भरा. मग गेज लावा, मग लेव्हल. एका वळणातून लगेच उलट वळण घेतले असेल तर मध्ये निदान एका डब्याइतका सरळ तुकडा घाला, नाहीतर डबे एकमेकांना ओढून पाडतात.

डब्याचा दोष असेल तर तो उलटा करून चाके फिरवा. आसात केस किंवा दोरा गुंतलेला असतो. चाक आसावर आत-बाहेर सरकले असेल तर दुसऱ्या चांगल्या चाकजोडीशी ताडून जागेवर आणा. डबा फारच हलका असेल तर आत दोन-तीन नट चिकटवा.

गाडी सगळीकडेच मंद झाली तर बॅटरी. एकाच जागी मंद झाली तर चढ किंवा आवळलेला रूळ.

इशारेही दोन सांगून ठेवतो. अंगणातल्या रुळाला घरातल्या विजेची वायर कधीही जोडू नका, कोणी कितीही सोपे म्हणो. आणि रूळ खेळायचा तो अंगणातला. खऱ्या लाइनीवर मुलांना पाऊलही टाकू देऊ नका. त्या बाबतीत बाबा नातवाचेही लाड करत नाहीत.

पावसाळ्याची गस्त

पहिल्या मोठ्या पावसात काय होते याची आम्हाला धास्ती होती. दोन ठिकाणी खडी वाहिली, एक जोड बसला. रूळ मात्र जागेवर होता. दीड तासाचे काम निघाले. तेव्हापासून रविवारी सकाळी नातू आणि आजोबा गस्तीला निघतात. मुंग्यांनी मातीचा ढीग केला का, निंबोळ्या रुळात अडकल्या का, स्लीपरला खालून वाळवी लागली का, हे बघतात. स्लीपर मांडण्यापूर्वी ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. आम्ही एकच दिला, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यानंतर नऊ स्लीपर बदलावे लागले. गँगमध्ये असेच चालते, असे बाबा म्हणतात. एकदा घालून विसरला असा रूळ नसतोच.

एक कबुली

लेख संपवण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही शाळेत होतो तेव्हा फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असे. त्यात आम्ही 'रेल्वेत नोकरी' एवढेच लिहीत असू. गँगमन हा शब्द लिहायला लाज वाटे. बाबांच्या हाताला घट्टे होते, अंगाला तेलाचा आणि घामाचा वास येई. कारकुनाच्या आणि गार्डाच्या मुलांत आपण खाली दिसू नये म्हणून आम्ही तो शब्द गिळून टाकला. त्यांना ते ठाऊक होते की नाही, आम्ही विचारले नाही. तेही विचारायचे राहूनच गेले होते.

अंगणातला रूळ वाकला तेव्हा उमगले की ज्याला आम्ही नुसती अंगमेहनत समजत होतो, ती विद्या होती. प्रसरण, पातळी, निचरा, वळणाचे भूमिती, सगळे त्या हातांना येत होते. हातात कागद नव्हता म्हणून जगाने त्याला मजुरी म्हटले, आणि घरात बसून आम्हीही तेच म्हटले. बाबांना रुळावर आडवे झालेले पाहिल्यावर एका संध्याकाळी हे सगळे त्यांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "फॉर्म काय, पोरा. फीचे पैसे वेळेवर गेले ना?" आणि पॅकिंगकडे वळले.

आता त्या कामाला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पॅकिंगची मोठी यंत्रेही आली आहेत. तरी उन्हात, पावसात, रात्री रूळ पायाखाली घालून तपासणारा माणूस आजही चालतोच आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत असा एखादा माणूस आहे. कोणी रुळावर, कोणी गिरणीत, कोणी गवंडीकामात, कोणी गटाराच्या पाइपलाइनीवर जन्म घालवला. त्यांच्याजवळ काय आहे ते नातवंडांना कळावे, म्हणून तरी असला एखादा उद्योग घरात काढावा.

आमच्या मुलाच्या शाळेत यंदा पुन्हा असाच फॉर्म आला. आजोबांचा व्यवसाय त्यात विचारलेला नव्हता. त्याने समासात जागा करून लिहिले, 'आजोबा : गँगमन'. वर्गशिक्षिकेने विचारले तर त्याने त्यांना गेज म्हणजे काय ते समजावून सांगितले म्हणे.

या सुटीत तुम्हीही अंगणात, गच्चीवर किंवा चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत रूळ घालणार असाल, तर पट्ट्या आणि खडी आणण्याआधी जवळ एक खुर्ची मांडा. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्यावर बसवा आणि पहिल्याच दिवशी विचारा. आमच्यासारखे तीन महिने थांबू नका.